टिपणीसबाईंची सिनेट

सुमती टिपणीस यांनी कल्याणच्या कॉलेजात आयुष्यभर अमेरिकेची शासनव्यवस्था शिकवली, पण अमेरिका कधी पाहिली नाही. शीळफाटा ओलांडला की बाईंना गाडी लागते.

निवृत्तीनंतर मात्र आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीत, तळमजल्यावरच्या वाचनाच्या खोलीत, त्यांनी अख्खी अमेरिका आणून बसवली. दर चार वर्षांनी निकालाच्या सकाळी आम्ही सगळे म्हातारे तिथे जमायचो. प्रत्येकाचं कोणी ना कोणी न्यू जर्सीत!

"जास्त मतं मिळवून माणूस हरतो कसा?" मी मुद्दाम डिवचायचो.

"अण्णा, समजा प्रत्येक विंगने आपली मतं एकगठ्ठा एकालाच द्यायची. तुम्ही बी विंगमध्ये ढिगाने जिंकलात आणि ए, सी विंगमध्ये थोडक्यात हरलात. बसा घरी!"

मग जो काही आरडाओरडा व्हायचा! काय सकाळी होत्या त्या!

गेल्या निवडणुकीच्या आधी सोसायटीतल्या विजेच्या गाडीवाल्यांनी त्या खोलीवर डोळा ठेवला. त्यांना तिथे गाड्या चार्ज करायच्या होत्या. "हा दबावगट," बाई म्हणाल्या. सेक्रेटरी महेंद्र बाईंचाच जुना विद्यार्थी, पण तोही तिकडे सामील. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सुप्रभातसोबत रिकाम्या खोलीचा फोटो पडू लागला. फोटो काढलेला भर दुपारी, म्हणजे आम्ही घोरत असताना. "आणि ही प्रसारमाध्यमं."

वार्षिक सभेत खोली देऊन टाकायचा ठराव आला. बाईंनी सिनेटमधली युक्ती काढली. त्या बोलत राहणार, मतदान होऊच देणार नाहीत. मग त्यांनी चष्मा उतरवला की आमच्या पक्षाने एकेक करून घरी सटकायचं. कोरम मोडला की ठराव बारगळला.

"आणि घरी गेल्यावर कोणाचाही फोन उचलायचा नाही," बाईंनी बजावलं. "महेंद्र गोड बोलून परत बोलावील."

सभेत बाई पाण्याच्या टाकीवरून जे सुरू झाल्या, ते थांबेचनात. चष्मा उतरला. आमच्यातला दगडू उठला, गोमाजी उठला, मागोमाग बाकीचे म्हातारे. मी तेवढा बसून राहिलो. बटाटेवडे यायचे होते, आणि पक्षनिष्ठेलाही मर्यादा असते.

"कोरम नाही! सभा संपली!" बाई विजयी स्वरात म्हणाल्या.

"संपली नाही बाई, तहकूब झाली," महेंद्र हळूच म्हणाला. "अर्ध्या तासाने इथेच पुन्हा. तेव्हा कोरम लागत नाही. सोसायटीच्या नियमात आहे तसं."

बाईंचा चेहरा उतरला. आपली मतं त्यांनी स्वतःच घरी पाठवली होती! त्यांनी फोन फिरवायला सुरुवात केली. दगडू उचलेना, गोमाजी उचलेना. "उचला की मेल्यांनो!" बाई फोनवर ओरडल्या. पण आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्यांनी त्यांचं ऐकलं होतं.

मग मला पिटाळलं. लिफ्ट बंद. धापा टाकत दगडूकडे पोचलो, तर पठ्ठ्याने जाळीच्या दारातून डोळा मारला. "नाय उचलला हां फोन! किती वेला वाजला!"

त्याला समजावून, सदरा चढवायला लावून खाली आणेपर्यंत हात मोजून झाले होते. खोली गेली.

तिकडे अमेरिकेत हरलेला उमेदवार जिंकलेल्याचं अभिनंदन करतो, असं बाई वर्गात सांगायच्या. त्या उठल्या. "अभिनंदन, महेंद्र. नियमाने जिंकलास." महेंद्र पाया पडायला वाकला, त्याला लवकर मान वर करवेना.

नोव्हेंबरात निकालाच्या सकाळी बाईंनी आम्हाला आपल्या घरी बोलावलं. पोह्यांवर ओलं खोबरं, चहाला नवे कप. दगडूचा अंदाज साफ चुकला, तरी सगळे चिडीचूप. बाई एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"अहो, भांडा की कोणीतरी!"

आम्ही पोहे छान झालेत म्हणालो.