उलटी बसलेली स्प्रिंग

"दाजी, हात धुवा आन् दौंडला निघा," एवढंच मेव्हणी लीला फोनवर बोलली. मी शिरूरला शेडमध्ये इंजिनापाशी होतो. माझी बायको सुमन लीलाच्या नातवाच्या बारशाला गेली होती. मीही जाणार होतो, पण इंजिन जुळवायचं शेवटचं काम राहिलं होतं, म्हणून थांबलो. हात न धुताच निघालो. पोचलो तर सुमनला ओसरीवर निजवलेलं... छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात संपलं, म्हणाले. महिना झाला त्याला.

मी सातवी शिकलेला. जन्मभर पंप आणि ट्रॅक्टर दुरुस्त केले आणि म्हातारपणी शेडमध्ये विमान बांधायला घेतलं, एका माणसाला बसता येईल एवढं. गाव हसलं. सुमन हसली नाही. तिचा बाप दौंडला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर होता, पाना कितीचा आहे ते तिला नुसतं हातात धरून कळायचं. "उडंल का हो?" तिनं विचारलं. "उडंल." "मग मलाबी बसवा." "एकाच माणसाचं हाय ते." "मग मी चालवते. तुम्ही बघा खालनं."

इंजिन परदेशी गाडीचं, भंगारातून आणलेलं. त्यात पिस्टन नसतो. अंड्यासारख्या पोकळीत तिकोनी चक्र फिरतं. चक्राच्या तिन्ही टोकांना लोखंडाची एकेक पट्टी आणि तिच्यामागं बारीक वाकडी स्प्रिंग. स्प्रिंगनं पट्टी भिंतीला दाबून धरायची, एवढंच तिचं काम. पण पट्टी तुटली तर तुकडा आतली भिंत खरवडतो आणि इंजिन मरतं.

खंडेनवमीला सगळे हत्यारांची पूजा करतात, तशी सुमननं इंजिनाची केली. हळदकुंकू, झेंडू, अक्षता. तेल ओतायच्या जागेचं झाकण मी उघडंच ठेवलं होतं. तिला वाटलं, हे इंजिनाचं तोंड. तिथंही तिनं चिमूटभर अक्षता वाहिल्या. मग विमान लिंबाला दोरानं बांधून इंजिन चालू केलं. वीसेक माणसं जमली होती. दहा मिनिटं गोड चाललं, मग आत खणकन वाजलं आणि पंखा थांबला. माणसं हलेनात, म्हणून त्यांच्यासमोरच खोललं. पट्टीचे तीन तुकडे, भिंतीवर बोटबोट चरे, आणि तेलाच्या गाळणीत लाल तांदूळ.

"तुझ्या तांदळानं खाल्लं माझं इंजिन!" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

"मला वाटलं..."

"काय वाटून घिऊ नको. परत हात लावायचा न्हाई ह्याला."

तिसऱ्या दिवशी ती शेडच्या दारात आली, हातात एक बांगडी नाही. नवरा जिवंत असलेली बाई हात मोकळे ठेवत नाही. शेजारची आक्का कुंपणापलीकडून ओरडली, "सुमे, काय हे? नवरा हाय न्हवं तुझा?" सुमन म्हणाली, "काच फुटून इंजिनात पडली म्हंजी?" आणि रॉकेलच्या टोपात बोल्ट धुवायला बसली. इंजिनाची आतली भिंत घासून मुलामा चढवायला पुण्याला धाडली, नवीन पट्ट्यांसाठी वाट बघण्यात महिने गेले. दोन वर्षं चाललं हे. दोन वर्षं ती शेडमध्ये येताना बांगड्या उतरवायची आणि बाहेर गेल्यावर घालायची.

आता खरं सांगतो. मोडल्यावर आठवड्याभरातच मी तुकडे टेबलावर मांडले, तेव्हाच मला दिसलं. गाळणीच्या पुढं एकही दाणा गेला नव्हता. तुटलेल्या पट्टीमागची स्प्रिंग उलटी बसली होती, घासल्याची खूण भलतीकडंच. बसवली होती मीच. बघितली, डब्यात टाकली, आणि गप्प बसलो. एवढ्या माणसांत एवढ्या मोठ्यानं बोललेलं मागं घ्यायचं, तर तेवढ्याच मोठ्यानं घ्यावं लागतं... ते जमेना. ठरवलं, इंजिन पुन्हा चालू होईल त्या दिवशी सांगीन. पुढच्या खंडेनवमीला ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "तुम्हीच वाहा. माझा हात नको." मी वाहिलं. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं.

दौंडला तिच्या हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला होता. सवाष्ण गेली, नशीबवान, म्हणत होत्या बायका. सावडून आल्यावर लीलानं सांगितलं, बारशाला बाळाच्या डोक्यावर अक्षता टाकायला सगळ्या उठल्या, ताई उठली नाही. म्हणाली, "माझ्या तांदळानं नुकसान हुतं गं. लेकराला नको." हसून म्हणाली म्हणे. त्यानंतर तासाभरात गेली.

मी लीलाला तिथंच सांगितलं, चूक तांदळाची नव्हती, माझ्या स्प्रिंगची होती. "दाजी, हे मला सांगून काय उपेग?" म्हणाली आणि आत निघून गेली.

बरोबर बोलली. तरी लिहून देतोय. त्या दिवशी लिंबाखाली जे उभे होते त्यांनी वाचा. सुमनचं काही चुकलं नव्हतं.

इंजिन अजून अर्धवटच आहे. धुतलेले बोल्ट सुमन जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत बांधायची. आधी बसवायचे कुठले, नंतरचे कुठले, हे चिंधीला मारलेल्या गाठींवरून ओळखायचं. माझ्या चिठ्ठ्या चुकायच्या, तिच्या गाठी कधी चुकल्या नाहीत. शेवटची पुरचुंडी फळीवर आहे, सात गाठींची. ती सोडली की बोल्ट आवळायचे, आवळले की इंजिन चालू करायचं, चालू झालं की तिला सांगायचं... असं होतं. रोज सकाळी शेड उघडतो, पुरचुंडीवरची धूळ पुसतो, आणि शेड लावून घरी येतो.