तात्यांची नऊ मिनिटं

आमच्या गावचे गोविंदतात्या शेडगे यांनी नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यात मीटर बघण्यात तीस वर्षं काढली. रोज पहाटे मात्र वीस मिनिटं ध्यानाला बसायचे. अजून बसतात.

"ध्यान कसलं? बसल्याजागी घोरतात," त्यांच्या बायको चारूकाकू येईल-जाईल त्याला सांगायच्या. रिटायर झाल्यावर ते तात्यांच्या मनाला लागलं. तीस वर्षं आपण नुसतं झोपलो असलो तर?

शेजारची अवनी मेंदूचा अभ्यास करते. ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूचे आलेख तिला काढायचे होते. तात्या आपणहून तयार झाले. देवाचं काम म्हणून अंघोळ करून, डोक्याला खोबरेल चोपडून गेले. यंत्राच्या तारा डोक्याला काही चिकटेनात. अवनीनं शांपूनं डोकं धुतलं, तवा कुठं काम सुरू झालं.

वीस मिनिटांनी तात्या म्हणाले, "खरं सांग बेटा. मीटर बघून सांग."

"अकरा मिनिटं झोप होती, काका."

"बघा!" सोबत आलेल्या काकू म्हणाल्या.

"पण नऊ मिनिटं तुम्ही जागे होता, अगदी शांत. त्या वेळी आत काय होतं, ते यंत्राला कळत नाही. ते तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

तात्या सावरून बसले. "लिही. अख्खा प्लांट बंद पडला की कान कसे मोकळे होतात, तसं होतं."

"हे मला कधी बोलला नाहीत!" काकू म्हणाल्या.

"तू विचारलंस कुठं?" तात्या हसले. "अवनी, उद्या परत येतो. बिनतेलाचा."