कोकराच्या हनुवटीखालची चरबी

साठच्या दशकातली गोष्ट. आचऱ्याला मी नवी सून होते आणि अक्कल माहेरीच ठेवून आले होते. आमच्या किनाऱ्यावर मेंढरं कोणी पाळत नाही. इथला ओलावा त्यांना सोसत नाही. पण भावाने हौसेने घाटावरून एक कोकरू आणून दिलं आणि मी बाईसाहेब लागले त्याची आई व्हायला.

रोज पहाटे मळ्याच्या मेरेवरचं, म्हणजे बांधावरचं, दवाने भिजलेलं कोवळं गवत कापायचं, वर खोबऱ्याची पेंड. सासूबाई म्हणायच्या, "माणसांच्या पोरांका पण कोण इतक्या घालणा नाय गो!" मी नाक उडवायची.

पावसाळा सरता सरता कोकराचं पोट सुटलं, हनुवटीखाली मऊ पिशवी लोंबायला लागली. मी हरखले. खात्यापित्या घरचं लक्षण! दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात काळा दोरा बांधला आणि येईल त्या बाईला ती पिशवी दाबून दाखवली. लोकरीखाली पाठीची हाडं करवतीसारखी झाली होती, पण तिथे हात फिरवायला मला सवड कुठे?

एक दिवस ते उठेचना. पेंडीलाही तोंड लावीना. तेव्हा कुठे रडतरडत गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कोकराची पापणी उलटली. आत पांढरंफटक. मी पिशवी दाबून दाखवत म्हटलं, "पण चरबी तर बघा केवढी!"

"चरबी?" ते म्हणाले. "बाई, हे पाणी आहे. आतड्यात जंत झालेत. ते रक्त पितात, रक्तातलं प्रोटीन आतड्यातून गळतं. तुमची पेंड अंगी लागायची सोडून तो तोटा भरण्यातच संपते. रक्त पातळ झालं की पाणी असं हनुवटीखाली उतरतं. आणि जंत येतात ओल्या गवतावरून."

प्रोटीन मला एखाद्या टॉनिकचं नाव वाटलं. पण एवढं कळलं, की झोपमोड करून मी रोज जंतच कापून आणत होते!

जंताचं औषध पाजलं. वरच्या कातळाच्या सड्यावरचं सुकं गवत सुरू केलं. हळूहळू कोकरू उभं राहिलं, पिशवी ओसरली, दोरा सैल होऊन लोंबायला लागला. यावर आमचं शहाणपण काय? "औषधाने वाळलं हो बिचारं!"

सासूबाईंनी कपाळाला हात लावला, मग कोकराच्या गळ्यातला दोरा काढून माझ्यापुढे धरला.

"ह्यो आता तुकाच बांधतंय गो. तुझ्या अकलेक दृष्ट लागतली."

मी फुरंगटून वळले, तर कोकरू पेंडीच्या टोपलीत तोंड खुपसून उभं.