दिवसा सांगितलेली गोष्ट

आमच्या दवाखान्यात बरे झालेले रोगी घरी जात नसत. डोंबिवली स्टेशनजवळचा धर्मादाय दवाखाना तो, आणि स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. मी तिथे कंपाउंडर होतो. माणूस खोकला घेऊन आला, की त्याला मिक्श्चर द्यायचं, बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवायची आणि त्याला वाटेला लावायचं, एवढं साधं माझं काम. पण ताप उतरलेली, जखम भरलेली, चांगली धडधाकट माणसं सकाळी येऊन बाकावर जागा धरून बसत. याला कारण आमच्या नर्सबाई. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याइतका जीव मी दुसऱ्या कुणा सहकाऱ्याला लावला नाही, आणि त्यांच्याइतका वैतागही मला दुसऱ्या कुणी आणला नाही.

सुरुवात एका पोरीपासून झाली. खाडीकाठच्या मिठागरात राबणाऱ्या घरातली, नऊ-दहा वर्षांची. मानेवर गंडमाळांच्या गाठी. हा क्षयाचाच प्रकार. पण त्यावर नवं इंजेक्शन निघालं होतं. डॉक्टर म्हणत, काही महिने रोज टोचून घेतलं तर पोरगी वाचेल, मध्येच सोडलं तर पुढे तेच औषध लागू पडायचं नाही. पोरीला हे कोण सांगणार? सुई दिसली की ती खिडकीतून उडी टाकून पळायची. तिच्यामागे तिची आई, आईमागे बाई, अशी वरात स्टेशनपर्यंत गेलेली मी पाहिली आहे.

एक दिवस बाईंनी सिरिंज उकळायला ठेवली आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "कल्याणच्या सुभेदाराकडे एक गाढव कारकून म्हणून लागलं."

पोरगी खिडकीत एक पाय ठेवून थांबली. "मंग?"

"मग काय, पहिल्याच दिवशी त्यानं सुभेदाराचा हुकूम खाल्ला. शिक्क्यासकट." पोरगी हसली, तेवढ्यात सुई टोचून झाली, आणि बाई म्हणाल्या, "राहिलेलं उद्या."

पोरगी दुसऱ्या दिवशी आमच्याआधी दारात हजर. तिच्यापाठोपाठ बाकही नादी लागला. एक पेन्शनर रोज नवी पाठदुखी घेऊन यायचे आणि हरकत घ्यायचे, "गाढव फारसी वाचते, हे तर्कास धरून नाही." त्यावर बाकीचे त्यांच्या अंगावर धावून जायचे. गाढवाचं लग्न लावावं की नाही यावरून दोन संधिवातवाल्यांनी बोलणं टाकलं. पुढे गाढवाला खोकला झाला, आणि बाईंनी त्याला आमचंच मिक्श्चर पाजलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून लोक खिडकीशी येऊन "गाढवाचं औषध द्या" म्हणू लागले. मी इतकी वर्षं निगुतीनं औषधं घोटली, त्याचं हे चीज.

"बाई, हा दवाखाना आहे," मी म्हणायचो.

"म्हणून तर खोकला दिला त्याला," त्या म्हणायच्या.

पोरीच्या आईला मात्र हे पसंत नव्हतं. गोष्ट दिवेलागणीनंतर सांगायची, दिवसा सांगितली की मामा वाट चुकतो, हे तिच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. "दिसाची गोष्ट सांगू नको बाय," ती दर दोन दिवसांनी बजावायची. बाई म्हणायच्या, "अगं, रात्री दवाखाना बंद असतो, मी काय करू?"

आणि खरोखरच मामा वाट चुकला.

पोरीच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. मामा खाडीपलीकडून होडीनं निघाला तो निघालाच. हळद तोंडावर आली तरी त्याचा पत्ता नाही. नवरीला मांडवात आणायचं मामानं, त्यामुळे लग्न अडलं. खापर फुटलं ते गाढवावर. आई दारात उभी राहून म्हणाली, "मामा गावल्याबिगर सुई नाय," आणि पोरीला घेऊन गेली.

डॉक्टर त्यांच्या घरी गेले, जंतूंविषयी बोलले, चहा पिऊन परत आले. बाई वाद घालायला गेल्याच नाहीत. मला म्हणाल्या, "कंपाउंडर, गोष्टीनं हरवलाय ना, मग गोष्टीनंच शोधू."

त्या दिवशी गाढवानं सुभेदाराकडून रजा घेतली आणि ते एका हरवलेल्या मामाला शोधायला निघालं. खुणा पोरीकडून ऐकलेल्या, खऱ्या मामाच्याच: एक कान फाटका, काखेत पांढरा कोंबडा. दिव्याचे, ठाकुर्लीचे, ठाण्याचे रोगी ही गोष्ट आपापल्या गावी घेऊन गेले, आणि दुसऱ्या सकाळपासून दवाखान्यात मामा यायला लागले. दिव्याहून एका म्हाताऱ्याला धरून आणलं, त्याचे दोन्ही कान शाबूत. कुणी नुसता कोंबडाच आणला. ठाण्याचा एक गृहस्थ आपणहून आला. तो कुणाचाच मामा नव्हता, पण गाढव आपल्याला शोधतंय अशी त्याची खात्री होती. डॉक्टर छाती तपासायला बाहेर आले आणि बाकावरचे मामे बघून परत आत गेले.

खरा मामा मिळाला कल्याणला. ठाकुर्लीचा एक दूधवाला, आमचाच जुना रोगी, तिथल्या चहाच्या दुकानात बसून रोज आदल्या दिवसाचा भाग सांगत असे. कोपऱ्यातला एक पाहुणा मन लावून ऐकत होता. गोष्टीत फाटका कान आणि पांढरा कोंबडा आला तेव्हा पाहुणा हळहळला, "बिचारा! मंग गावला का?" तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो होडीतून उतरून चहाला थांबला होता, गाढवाची गोष्ट कानावर पडली, आणि पुढचं ऐकल्याशिवाय त्याचा पाय निघेना.

म्हणजे आईचंच खरं झालं होतं. तिनं मामाला आमच्यासमोर उभं केलं. "बघा! गोष्टीनंच वाट चुकला ना?" डॉक्टरांनी डोकं धरलं. पोरगी आईच्या पदराआड उभी होती, मानेवरची एक गाठ लाल झालेली. मला तेव्हा फार भीती वाटली.

मामानं कोंबडा खाली सोडला आणि बाकावर बैठक मारली. "लगीन झाल्याव मी रोज हितंच बसतो," तो म्हणाला. "मंग कशी चुकंल वाट?"

आईनं मामाकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं. मग तिनं पोरीला पुढे ढकललं.

लग्न झालं. मामा बहिणीकडे मुक्काम ठोकून राहिला आणि रोज भाचीला घेऊन यायचा. सुई टोचताना तिचा हात तो धरायचा, डोळे मात्र स्वतःचे मिटायचा. त्याचा कोंबडा माझ्या काउंटरखाली राहिला आणि माझ्याच पायाला चोची मारायचा. असे महिने गेले.

शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी डॉक्टरांनी मान तपासली, मग बाईंनी तपासली. दोन बोटांनी, कानामागून खाली गळ्यापर्यंत, पुन्हा वर. एकही गाठ हाताला लागली नाही.

"मंग गाढवाचं काय झालं?" मामानं विचारलं. सगळा बाक पुढे सरकला. बाईंची बोटं अजून पोरीच्या मानेवरच होती. त्यांनी माझ्याकडे बघून, तुम्हीच सांगा, अशी मान हलवली.

मग शेवट मीच सांगितला. इतका वाईट शेवट कल्याणच्या सुभेदारीत कुणी सांगितला नसेल. पेन्शनरांनीसुद्धा हरकत घेतली नाही. कुणी ऐकतच नव्हतं, सगळे त्या पोरीची मान बघत होते.