सुईताई आणि चौथा डोस

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या आमच्या सर्जरीत, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात, एक नर्स होती. सुई टोचण्याआधी ती बाळाची परवानगी मागायची. "मे आय, राणी?" असं विचारून खरोखर थांबायची. बाळाने जांभई दिली की "थँक्यू" म्हणून काम उरकायची. मराठी घरांत तिला सगळे सुईताई म्हणत. जन्म कॉव्हेंट्रीचा, आईवडील साताऱ्याचे, मराठीचं व्याकरण तिचं स्वतःचं.

गरोदरपणाच्या तपासणीत माझ्या रक्तात हेपटायटिस बीचा विषाणू निघाला. मला त्रास काहीच नव्हता. पण जन्मताना तो बाळाला लागू शकतो आणि यकृतात आयुष्यभर मुक्काम करू शकतो. त्यावर उपाय लसीच्या चार डोसांचा. पहिला हॉस्पिटलात, जन्मल्यावर काही तासांतच झाला. दुसरा महिन्याने, तिसरा दोन महिन्यांनी, चौथा वर्षाने. चौथ्याबरोबर मुलीचं रक्त तपासायचं होतं. ती संसर्गातून वाचली की नाही, ते तेव्हा कळणार होतं.

पुण्याहून आलेल्या सासूबाईंना मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी सुईताईलाच गाठलं. "एवढ्या सुया कशाला गं?"

"आजी, ते आईला विचारा. मी फक्त टोचते."

नंतर मला म्हणाली, "मी खोटं नाही बोलत. बोलली की मला हसू येतो."

चौथ्या डोसाबद्दल तिचा कोणावरच विश्वास नव्हता. "सगळी लोकं विसरतात. केक खातात, इंडियाला जातात, बाय!" म्हणून ती प्रत्येक आईला महिनाभर आधीपासून फोन करायची. मलाही केला. मी ऐटीत सांगितलं, "वाढदिवसालाच येतो."

वाढदिवस सासूबाईंनी तिथीने धरला. औक्षण झालं, दुसऱ्या दिवशीची पुण्याची तिकिटं तयार होती, मुक्काम तीन महिन्यांचा. दुपारी आम्ही पैठण्या नेसून सर्जरीत हजर. रिसेप्शनवरची बाई म्हणाली, अपॉइंटमेंट अजून अकरा दिवसांनी आहे.

"टुडे बर्थडे!" सासूबाई कडाडल्या.

"नॉट टुडे, लव्ह."

सुईताई बाहेर आली. मुलीच्या कपाळावर कुंकू, माझ्या अंगावर पैठणी, सासूबाईंच्या हातात बेसनलाडूंचा डबा. ती हसत हसत खुर्चीत बसली. "आजी, कॉम्प्युटरला तिथी नाही समजत!"

उद्याच तीन महिन्यांसाठी निघतोय, हे सांगताना मला रडू फुटलं. तशी ती उठून डॉक्टरांकडे पळाली आणि पळतच परत आली. "अकरा दिवस लवकर चालेल. मे आय, राणी?"

राणीने तिचं नाक धरलं. चौथा डोस झाला, रक्तही घेतलं. सासूबाईंनी सुईताईच्या हातावर दोन लाडू ठेवले.

दोन आठवड्यांनी पुण्याला फोन आला. सुईताई ओरडतच होती, "निगेटिव्ह! बाळ एकदम क्लीन! प्रोटेक्शन पण आहे!" मी उड्या मारायला लागले.

"कसला रिझल्ट गं?" सासूबाईंनी विचारलं.

त्या आनंदात मी सगळं सांगून टाकलं. सांगून झाल्यावर भीती वाटली. सासूबाईंनी माझ्या हातातला चालू फोन घेतला.

"सुईताई, नातीचं झालं. आता हिच्याकडे कोण बघतंय?"

सासूबाईंसकट आम्ही रीडिंगला परतलो तेव्हा सुईताई दुसऱ्या गावी, वॉटफर्डच्या सर्जरीत, कामाला गेली होती. जाण्याआधी तिने डॉक्टरांच्या मागे लागून यकृताच्या तज्ज्ञांकडे माझं नाव लावून ठेवलं होतं. त्या तपासणीला सासूबाई माझ्याबरोबर आल्या.