पंधरावी स्टिक

आमच्या दादाच्या मनात शंकेची पाल कायम मुक्कामालाच असते. दूध पातळ आलं की दूधवाला गडबड करतो, आणि घट्ट आलं की त्याला आपल्याकडून काहीतरी काम काढून घ्यायचंय! वहिनीने कसे दिवस काढले, तिचं तिला ठाऊक.

दादा कॅडी आहे. मोठमोठ्या स्पर्धांत गोल्फपटूच्या मागे स्टिकची पिशवी उचलून चालायचं, हे त्याचं काम. आधीच्या खेळाडूने त्याला न सांगताच काढलं होतं. दादा सकाळी मैदानावर गेला, तर त्याची पिशवी दुसऱ्याच्याच खांद्यावर. तेव्हापासून तो माणसाच्या बोलण्यापेक्षा खांद्याकडे आधी बघतो.

त्यानंतर त्याला डावखुरा भेटला. सगळे त्याला याच नावाने हाक मारायचे. गेल्या मोसमात डावखुऱ्याचं काही जमेना. शेवटच्या स्पर्धेत बरा नंबर आला नाही, तर पुढच्या वर्षी मोठ्या स्पर्धा बंद. म्हणजे दादाचंही काम गेलंच.

त्या स्पर्धेच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ते दोघं गुणतक्त्यात वर चढले होते. कॅडींच्या खोलीत एक टोपीवाला कॅडी आला आणि त्याने डावखुऱ्याच्या जादा पटरचं, म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलायच्या स्टिकचं, तोंडभर कौतुक केलं. हातात घेऊन तोललासुद्धा. झालं! एवढं गोड कोण कशाला बोलेल? हा पटर खोलीत ठेवला तर सकाळी दिसायचा नाही, असं दादाच्या मनाने घेतलं. त्याने पटरचं डोकं टॉवेलात गुंडाळलं आणि पिशवीत छत्रीमागे खोल खुपसून ठेवला.

पिशवीत चौदाच्या वर स्टिक चालत नाहीत, नाहीतर दंड बसतो. म्हणून दादा रोज सकाळी मोजतो. त्या दिवशीही मोजल्या, पण त्याचे डोळे टोपीवाल्यावर होते. चौदा भरल्या. गुंडाळलेला पटर त्याच्या लक्षातही आला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

पहिलं भोक छान झालं. दुसऱ्या भोकाचा पहिला फटका मारायच्या आधी चेंडू पुसायला दादाने टॉवेल ओढला आणि त्यातून पटर निघाला. आजूबाजूला कुणाचं लक्ष नव्हतं. शेजारी दाट झुडूप होतं आणि पटर आत टाकायला हात तेवढा लांब करायचा होता. आयुष्यभर जगाला लबाड ठरवत आलेला माणूस तिथे एकटा उभा होता.

तो डावखुऱ्याजवळ गेला. म्हणाला, "पिशवीत पंधरा आहेत. पंधरावी मीच ठेवली."

डावखुऱ्याने स्वतः हात वर करून पंचाला बोलावलं. दोन फटक्यांचा दंड बसला. दिवसअखेर मोठ्या स्पर्धांतली त्यांची जागा एका फटक्याने हुकली.

घरी येऊन दादाने हे सगळं भिंतीकडे बघत सांगितलं. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. जेवण तसंच राहिलं. तेवढ्यात डावखुऱ्याचा फोन आला. पुढच्या वर्षी लहान स्पर्धा खेळणार आहे, पिशवी तूच उचलायचीस, एवढंच तो म्हणाला.

दादाने फोन खाली ठेवला.

"रागावला पण नाही," तो म्हणाला. "कुठेतरी पाणी मुरतंय."

वहिनीने त्याचं ताट पुढे सरकवलं. "मुरू दे," ती म्हणाली.

तेव्हा कुठे दादा रडला.