नावं ओळीत, दूध भलतीकडं

शाळेनं मला तिसरीतून सोडलं का मी शाळेला, ते आता आठवत न्हाई. तरी आमच्या डेअरीच्या सचिव सुनंदाबाई म्हणतात, "आबा, यंदाच्या अहवालात चार गमती छापू. तुम्हीच लिहा." अहवालात दुधाचे आकडे असावेत, गमती कशाला? पण बाई हटून बसल्या. लिहितो. मागनं कुणी तोंड वाकडं केलं तर मला सांगायला येऊ नका.

अशा गोष्टी आपोआप साठतात, प्रिंटरच्या मागं चुकलेले कागद साठतात तशा. तळेगाव ढमढेऱ्याच्या अलीकडं आमची दूध डेअरी हाय. सकाळी दूध घालून झालं की मी तिथंच बसतो. प्रिंटरला कागद लावायचा, निघालेला रिपोर्ट वाटायचा. हे काम मला कुणी सांगितलेलं न्हाई. आमचं खातं माझ्या बायकोच्या, सोनाबाईच्या नावावर. ती जाऊन बरेच दिवस झाले. पण रिपोर्टात तिचं नाव येतं, पुढं लिटर, पुढं फॅट. जणू आत्ताच किटली ठेवून गेली. तेवढं वाचायला बसतो.

कॉम्प्युटर चालवतो सचिन, सोनाबाईच्या भावाचा पोरगा. आधी शिक्रापूरच्या कंपनीत लेबलं छापायचा. त्याची रोजची एकच भुणभुण, "मामा, मयत माणसाच्या नावानं खातं चालत न्हाई. आत्याचं नाव काढावं लागंल."

मी म्हणायचो, "काढ. आधी मला काढ!"

*

नवा कॉम्प्युटर आला त्या दिवशी सचिन मराठी अक्षरांचा फॉन्ट टाकायचा विसरला. पहिला रिपोर्ट निघाला तो कागदभर नुसते चौकोन! आकडे तेवढे धड. बाहेर धुकं, आत दुधाची वाफ, आन् सगळ्यांच्या पुढ्यात चौकोनांची रांग.

सचिन म्हणाला, "थांबा, फॉन्ट घेऊन येतो." आन् मोटारसायकलवर गेला.

इकडं कोण थांबतंय! टेम्पोवाल्या मुनीरभाईनं बोट ठेवलं, "ही ओळ माझी. आमचं नाव लांबलचक, पार रेघेला टेकतं." भिकूतात्यानं आकडा बघितला, "हा फॅट माझ्या म्हशीचा. झोपेत ओळखीन."

घडीभरात ज्यानं त्यानं आपापला चौकोन ओळखला आन् माणसं घरी गेली. सचिन फॉन्ट घेऊन आला तवा डेअरीत नुसता मी!

*

मग बाईंना नावं बाराखडीनं पाहिजे झाली. सचिननं नावांचा रकाना तेवढा निवडला आन् बटण दाबलं. नावं शिस्तीत उभी राहिली. पुढचं लिटर-फॅट काही जागचं हललं न्हाई! भिकूतात्याच्या म्हशीचं दूध मुनीरभाईच्या नावापुढं, मुनीरभाईच्या जर्सीचं पातळ दूध तात्याच्या.

तात्या कागद नाचवत आला. "काय रं, माझी म्हैस रातोरात गाय झाली व्हय?"

"तात्या, नावं बाराखडीनं लावलीत."

"लाव की! पण दुधाला कुठं बाराखडी येती?"

मुनीरभाईनं आपल्या नावापुढचा फॅट दोनदा वाचला. मग हळूच म्हणाला, "मी काय म्हणतो, आठवडाभर राहू द्या असंच."

*

गेल्या सभेला वर्षभराचा रिपोर्ट काढला. पडद्यावर सगळं एका रांगेत दिसायचं, छापून निघालं तर एका कागदावर नावं, दुसऱ्यावर लिटर, तिसऱ्यावर फॅट. बाई म्हणाल्या, चिकटवा. आम्ही डेअरीपुढं फरशीवर कागद शेजारी शेजारी मांडले. खळ आणायला वळलो आन् वारं सुटलं.

कागद उठले ते शेजारच्या उसात. कोवळं ऊन, हिरवा ऊस, आन् त्यावर पांढरे कागद, बगळे उतरावेत तसे. कुणाला पळावंसं वाटेना. मलाही न्हाई. किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक.

शेवटी मीच ओरडलो, "आख्खं वर्ष चाललंय उसात, बघताय काय!"

सगळे शिरले. आतनं मुनीरभाईचा आवाज आला, "मला नावं घावली! दूध कुणाकडं हाय?"

*

यंदा सभेच्या आधी सचिननं मनावर घेतलंच. खातं माझ्या सुनेच्या नावावर केलं. आन् माझ्या देखत आत्याचं नाव निवडून बटण दाबलं. पडद्यावरनं ती गेली. आवाजसुद्धा झाला न्हाई.

मी किटली उचलली. दूध सुनेच्या नावावर घातलं. नव्या गठ्ठ्याचं वेष्टन फाडलं, कागद लावला. प्रिंटर घरघरला. शेवटचा कागद निघाला, हाताला ऊन लागला. त्यावर एकच ओळ. सोनाबाई. पुढं आजची तारीख, आजचं लिटर, आजचा फॅट. आधीच्या कागदावर सुनेच्या ओळीत शून्य.

मी मोठ्यानं वाचलं.

सचिननं पडद्यावर शोधलं. नाव न्हाई. परत रिपोर्ट काढला. सुनेचं नाव, सुनेचं दूध, सगळं बरोबर. मग सगळ्यांदेखत मला म्हणाला, "मामा, तुम्ही जुना कागद आत सारला. ह्या वयात लबाडी शोभती का?"

भिकूतात्या म्हणाला, "अरे, पण दूध आजचं हाय की!"

सचिननं तोंड पडद्याकडं फिरवलं. मुनीरभाईनं कागद उजेडाला धरला, उलटा केला, सुलटा केला आन् माझ्या हातात दिला. "आबा, घरी न्या. भाभींचा हाय."

मी नेला.

तो पोरगा अजून रोज रामराम घालतो. माफीचा शब्द काढत न्हाई. तवा बाई, बाकीचं काय छापायचं ते छापा, पण हे नाव ठळक येऊ द्या: सचिन बबन, कॉम्प्युटर ऑपरेटर.